भट्टीची खंडेनवमी

आमच्या विद्यापीठात काचकला जिथे शिकवली जाते तिथे दारावर पाटी आहे. पाटी पितळेची, इमारत पत्र्याची. पाटीवर 'काचकला उत्कृष्टता केंद्र' अशी अक्षरं कोरली आहेत. आत पूर्वी सायकली ठेवायचे. मुलं त्या जागेला शेड म्हणतात आणि मीही. उत्कृष्टता केंद्रात भेटू, असं कोणी कोणाला म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

मी इथे यायच्या आधी बंगल्यांसाठी आणि हॉटेलांसाठी रंगीत काचेच्या खिडक्या करत असे. नाशिकमध्ये ज्या ज्या जिन्यात काचेवर द्राक्षांचा घोस लटकलेला दिसेल, त्यातल्या बऱ्याच पापांत माझा वाटा आहे. मग विद्यापीठाने बोलावलं. चित्रकला विभागातल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना एक सत्र काच शिकवायची. पुढे दिवाळीनंतर ज्याने त्याने आपला मुख्य विषय निवडायचा. वस्त्रकला, मातीकाम, छपाई आणि आता काच. काच निवडणारे थोडेच असतात. पहिल्याच तासाला सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, "मॅडम, फुंकायचं कधी?" मोबाइलवर परदेशातले लोक लांब नळीतून काचेचे फुगे फुगवताना त्यांनी पाहिलेलं असतं. आमच्याकडे फुंकून पिण्याजोगा फक्त चहा आहे, हे कळलं की निम्मा वर्ग तिथेच वस्त्रकलेकडे वळतो.

आमच्याकडे आहे ती विजेची भट्टी. मोठ्या पेटीसारखी, वरून झाकण उघडणारी. अंबडच्या एका कारखानदाराने बनवून दिली. एरवी तो पोलादी हत्यारं कडक करायच्या भट्ट्या करतो. भट्टी बसवायला आला तेव्हा त्याने विचारलं, "यात तुम्ही काय बनवणार?" मी म्हटलं, काच. तो जरा गोंधळून म्हणाला, "ती तर बाजारात मिळते की."

त्याचं बरोबर होतं. आम्हीही बाजारातलीच आणतो, खिडकीची साधी काच, दुकानदारांकडे उरलेले तुकडे. ते कापायचे, रचायचे, भट्टीत वितळून एकजीव करायचे. वितळवण्यात फारसं शहाणपण लागत नाही, ते भट्टी करते. शहाणपण लागतं ते नंतर, थंड करताना. जाड काच घाईने थंड झाली की वरचा भाग आधी आवळतो आणि आतला गरमच राहतो. मग दोघांचं भांडण होतं आणि काच तडकते. म्हणून भट्टी बंद ठेवून, हळूहळू उष्णता कमी करत, एक-दोन दिवस वाट बघायची. याला इंग्रजीत एक भारदस्त नाव आहे. आमच्या मुलांनी त्याला 'मुरवणं' म्हणायला सुरुवात केली आणि तेच रूढ झालं. "कुणाची मुरतेय?" असं विचारत मुलं शेडमध्ये शिरतात. लोणच्याच्या बरणीसारखाच नियम. मुरेपर्यंत झाकण उघडायचं नाही.

त्या वर्षी वर्गात मालेगावची एक मुलगी होती. घरातच कापडाचे लूम, वडील आणि दोन काका ते चालवतात. ती फार कमी बोलायची. कुणी काही सांगितलं की "हो मॅडम", "हो सर", आणि मुलांना सुद्धा "हो ना". तिचं डेस्क कुणीही वापरायचं, तिचा कटर कुणीही न्यायचं. विभागप्रमुखांना ती विणकरांच्या घरातली आहे हे समजल्यावर त्यांचा चेहरा उजळला. ते मनाने चांगले गृहस्थ आहेत, फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीत अहवालाचं शीर्षक दिसतं. म्हणाले, "काचेतून विणकाम! परंपरा आणि आधुनिकता! हीच तुझी थीम." ती "हो सर" म्हणाली आणि तिने तसं काहीही केलं नाही.

तिने काय केलं, तर साध्या काचेच्या बोटभर रुंद पट्ट्या कापल्या. खूप कापल्या. त्या आडव्या न ठेवता कडेवर उभ्या केल्या, एकीला एक चिकटवून, विटांच्या चौकटीत घट्ट. खिडकीची काच समोरून बघितली तर तिला रंग नसतो; कडेने बघितली तर हिरवी दिसते. सगळ्या कडा एकत्र वितळल्या की जो ठोकळा होतो तो आतून गडद हिरवा असतो.

मी विचारलं, "हे काय होणार?"

"काही नाही मॅडम. जाड होणार."

"म्हणजे?"

तिने एक पट्टी उचलून कडेवर धरली. "आमच्या घरी सगळं पातळच बनतं. कापड पातळ, तेच तेच, मैलोन्‌मैल. मला एक जाड काहीतरी करायचंय."

इतकी वर्षं मी कलेच्या संकल्पनांवरची टिपणं वाचत आले आहे, त्यात इतकं स्वच्छ कारण मला क्वचितच सापडलं.

तिला काच निवडायची होती. घरात मात्र ती वस्त्रकलाच घेणार हे धरून चाललं होतं. कापडाचं घर, कापडाचं शिक्षण, निदान डिझाइनचा तरी उपयोग होईल. तिने पहिल्यांदाच वडिलांपाशी विषय काढला, तेव्हा ते फोनवर म्हणाले की बाकी मला कळत नाही, तू हाताने केलेली एक वस्तू दाखव, ती बघून सांगतो. मालेगावचे लूम शुक्रवारी बंद असतात. दसऱ्यानंतरच्या शुक्रवारी ते नाशिकला येणार होते. त्यांना दाखवायला तिच्याकडे हा एकच ठोकळा होता.

ठोकळा भट्टीत गेला, वितळला, मुरायला लागला आणि खंडेनवमी आली.

खंडेनवमीला हत्यारांची, यंत्रांची पूजा होते हे सांगायला नको. विद्यापीठाची अधिकृत पूजा सभागृहात होती आणि अध्यापकांना हजेरी सक्तीची. टेबलावर प्रोजेक्टर, एक संगणक, आणि मधोमध एक तलवार. तलवार कुणाची आणि ती कला विभागात काय करते हे शेवटपर्यंत कळलं नाही. कुलगुरूंच्या प्रतिनिधींनी प्रोजेक्टरला हार घातला. मग ज्ञान हेच खरं शस्त्र यावर भाषण झालं, ते तलवारीपेक्षा लांब होतं.

तिकडे शेडमध्ये मुलांनी त्यांची त्यांची पूजा मांडली होती. पाटावर कटर, पकडी, सोल्डरिंग आयर्न, चष्मे. झेंडूची फुलं. रांगोळी त्या मालेगावच्या मुलीने काढली होती, कारण वर्गात तिच्याइतकी सरळ रेघ कुणालाच येत नाही. पूजा करणारा मुलगा निफाडकडचा, द्राक्षबागायतदाराच्या घरचा. अंगाने दांडगा, मनाने भाबडा, कुणाचंही ओझं आपणहून उचलणारा. दर वर्षी घरच्या ट्रॅक्टरची पूजा तो वडिलांबरोबर करायचा, त्यामुळे यंत्राच्या पूजेतला तो जाणकार ठरला.

मी सभागृहातून सुटून शेडपाशी आले तर सगळे बाहेर बसलेले. निफाडचा मुलगा पायरीवर डोकं धरून.

"काय झालं?"

"मॅडम, आवाज आला." तो म्हणाला. "बारीकच आला. टिक असा."

मी आत गेले. भट्टीवर हळदी-कुंकवाची बोटं, झाकणाला हार. काटा बघितला तर भट्टी बंदच होती.

"बटण कुणी बंद केलं?"

"मी. आज यंत्राला आराम द्यायचा असतो ना मॅडम. आमच्याकडं खंडेनवमीला ट्रॅक्टर जागचा हलवत नाय."

"बरं. आणि झाकण?"

त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. "उघडलं. आमचे दादा म्हणतात, बॉनेट उघडून इंजिनाला कुंकू लावायचं. वरच्या पत्र्याला लावलं तर पत्र्यालाच पोचतं."

"आत लावलंस?"

"गरम लय होतं. मग लांबून फूल टाकलं. आणि..." वर्गातली दुसरी मुलगी हळूच म्हणाली, "आणि पाणी शिंपडलं, मॅडम. फुलानं. थोडंसंच."

इतक्या निगुतीने काच फोडताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. वीज बंद केली ती आदराने, झाकण उघडलं ते श्रद्धेने, आणि तापलेल्या काचेवर पाणी पडलं तेही शुद्धीचं. यातली एकही गोष्ट बेफिकिरीने झालेली नव्हती. रागवायचं कुठून सुरू करावं तेच मला सुचेना.

थंड झाल्यावर ठोकळा बाहेर काढला. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा. हाताने उचलला तर दोन तुकडे झाले. एका तुकड्यावर झेंडूचं फूल करपून चिकटलेलं होतं.

मालेगावची मुलगी भिंतीला टेकून उभी होती. रडत नव्हती. मी तिला विचारलं, "तू तेव्हा कुठे होतीस?"

"इथेच. दारात."

"झाकण उघडताना बघितलंस?"

"हो मॅडम."

"मग थांबवलं का नाहीस त्याला?"

तिला प्रश्नाचंच नवल वाटलं. "पूजा चालली होती ना. पूजेत मधेच कसं बोलायचं?"

पायरीवरचा मुलगा ताडकन उठला. "अगं, मग एक शिवी तरी हाणायची! ठोंब्या म्हणायचं, पाठीत धपाटा घालायचा! पूजा काय, पुन्हा मांडली असती!"

"तुमची पूजा," ती म्हणाली. "मी कोण थांबवणारी."

"ठोकळा तुझा होता ना पण!"

ती दुसऱ्याच्या देवाचा मान राखत होती. त्यात चूक काय काढणार? पण सत्रभर तिचा कटर कोण कोण नेत होतं तेही माझ्या डोळ्यांसमोर होतं.

दुसऱ्या दिवशी दसरा, विद्यापीठाला सुट्टी. मी शेडची किल्ली घेऊन गेले तर दोघं आधीच दारात बसलेली. मुलाच्या घरून सारखे फोन येत होते. "आई, नाय येत. सोनं द्यायला संध्याकाळी नायतर उद्या. अगं माझ्या हातनं नुकसान झालंय एकीचं. नाय, गाडी नाय ठोकली. काच. काच गं. नाय, गाडीची नाय!" मग त्याने मोबाइलच बंद केला आणि चष्मा चढवून पट्ट्या कापायला बसला. ती मापं देत होती. पहिला तासभर ती त्याच्या पट्ट्या मुकाट्याने घेऊन बाजूला ठेवत होती. मग एक पट्टी तिने परत त्याच्यासमोर ठेवली.

"वाकडी आहे."

"एवढीशी?"

"हो."

त्याने आनंदाने दुसरी कापली. नंतर तर ती बघितल्या बघितल्या परत करायला लागली. तो म्हणाला, "मॅडम, ही लय कडक हाय ओ." तक्रारीचा सूर होता, पण चेहरा शिक्षा सौम्य लागलेल्या माणसासारखा दिसत होता.

त्या संध्याकाळी भट्टी पेटवली. हिशेब सरळ होता. शुक्रवारी वडील येतील तेव्हा काच अजून मुरतच असेल, शनिवारी सकाळी निघेल. मी तिला म्हटलं, वडिलांना एक दिवस उशिरा यायला सांग. ती म्हणाली, शनिवारी लूम चालू असतात. मी म्हटलं, मग फुटलेले तुकडे दाखव, झालं ते सांग. तिने मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

शुक्रवारी दुपारची नमाज आटोपून वडील आले. पांढरा सदरा-पायजमा, हातात नानखटाईचा पुडा. लूमच्या खडखडाटात आयुष्य गेल्याने ते जरा मोठ्याने बोलत आणि समोरचा बोलला की त्याच्या ओठांकडे बघत. पुडा माझ्या हातात देत म्हणाले, "मॅडम, काम दाखवा आमच्या मुलीचं. पाचच्या गाडीने निघायचंय."

मी काही बोलायच्या आत विभागप्रमुख आले. पालक भेट देतात ही गोष्ट आमच्याकडे दुर्मीळ, आणि कुठून तरी त्यांना ते कळलं होतं. बरोबर मोबाइलवर फोटो काढणारा एक सहकारी, हातात फुलांचा गुच्छ. "नमस्कार, नमस्कार! विणकर पिता, काचकार कन्या! चला, पालकांच्याच हस्ते भट्टी उघडू या."

"सर, अजून मुरतेय," मी म्हटलं.

"किती राहिलं?"

"उद्या सकाळपर्यंत."

"अहो, मग झालंच की जवळजवळ. ते मालेगावहून आलेत, मॅडम. फटीतून बघतील. एक मिनिट, फोटोपुरतं." आणि त्यांनी तिच्या वडिलांना पुढे केलं. "या, इथे हात ठेवा. झाकणावर. गरम नाही फार."

वडिलांनी हात पुढे केला. ती भट्टीच्या पलीकडे उभी होती. निफाडचा मुलगा कोपऱ्यात होता, त्याने डोळेच मिटून घेतले. मी तोंड उघडणार होते. नियमाप्रमाणे ते माझंच काम.

"नाही," ती म्हणाली.

इतक्या हळू की वडिलांना ऐकू गेलं नसावं. त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं.

"अब्बू, नहीं खुलेगा." आता मोठ्याने, घरच्या आवाजात. "हाथ हटाओ."

"अगं," विभागप्रमुख हसले, "एक मिनिटाने काय होतंय?"

"सर, एका मिनिटानेच होतं. फोटो उद्या काढा."

"पण तुझे वडील उद्या नसतील."

"माहीत आहे, सर."

वडिलांनी हात काढून घेतला होता. ते तिच्याकडे बघत होते, मग भट्टीकडे, मग परत तिच्याकडे.

"थोड़ा सा? झाँक के?"

"नहीं अब्बू."

"तेरे वास्ते आया मैं."

"मालूम है." ती जागची हलली नाही. उलट भट्टीच्या अजून जवळ येऊन उभी राहिली.

विभागप्रमुखांनी गुच्छ वडिलांच्या हातात दिला आणि बंद भट्टीसमोरच फोटो काढून घेतला. ती बातमी नंतर विद्यापीठाच्या पत्रिकेत आली, 'पालकांच्या उपस्थितीत काचकलेचे प्रात्यक्षिक'. प्रात्यक्षिकात काही दिसत नव्हतं इतकंच. विभागप्रमुख गेल्यावर वडील स्टुलावर बसले. गुच्छ कुठे ठेवावा ते न कळल्याने मांडीवर घेऊन.

"अच्छा, अंदर है क्या, वो तो बता."

"काच. ठोकळा. एवढा जाड."

"काम क्या आएगा?"

"कुछ काम का नहीं."

"बिकेगा?"

"पता नहीं."

"तो मैं घर जाके तेरी माँ को क्या बोलूँ? डिब्बा देख के आया?"

"हाँ. बोलना डिब्बा देखा. गरम था."

ते हसायला लागले. तेवढ्यात निफाडचा मुलगा पुढे आला. कबुलीजबाबाची तयारी त्याने दोन दिवस केली असावी. "काका, पहिली तयार होती. ती मी फोडली. पूजा करताना भट्टी बंद केली आन्‌ पाणी शिंपडलं."

वडिलांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "पूजेसाठी चालू मशीन बंद केलं?"

"हो, काका. भट्टीला आराम म्हणून."

"बेटा, तू मालेगावला ये. आमच्या गल्लीत अशी पूजा कर. आठवड्यात एकच दिवस लूम बंद असतात. दुसरा दिवस तू मिळवून दे, सगळे कारीगर तुला दुआ देतील."

मुलगा हसावं की नाही या पेचात होता. ती हसली म्हणून मग तोही हसला. पुढे तिने तडकलेले तुकडे आणून वडिलांना दाखवले आणि तडा का गेला ते सांगायला लागली. आतली काच गरम, वरची थंड, दोघींची ओढाताण. दोन्ही हात हलवत, मधेच उर्दूत, मधेच मराठीत. ते पुन्हा पुन्हा विचारत, ती चिडून पुन्हा सांगे, "अब्बू, वही तो बोल रही हूँ!" सत्रभरात ती जितकं बोलली नव्हती तितकं त्या तासात बोलली.

फाटकापर्यंत मी त्यांना सोडायला गेले. वस्त्रकला की काच, याबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नव्हतं, आणि मला विचारायचा धीर होत नव्हता. रिक्षा आली तेव्हा म्हणाले, "मॅडम, ही घरात कुणाला नाही म्हणत नाही. लहान भावाला पण नाही. तुम्ही शिकवलं का हे?"

"अभ्यासक्रमात नाही ते," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि गुच्छ सांभाळत रिक्षात बसले.

शनिवारी सकाळी आम्ही तिघांनीच झाकण उघडलं. तिने उघडलं, आम्ही बघितलं. एक बाजू जराशी कलली होती, आत बुडबुड्यांची एक तिरकी रांग अडकली होती. बाकी अखंड. तिने तो दोन्ही हातांनी उचलून दारात आणला, उन्हात धरला, आणि तिच्या ओढणीवर हिरवं पाणी सांडल्यासारखं झालं. निफाडच्या मुलाने हात मागे बांधून घेतले होते, चुकूनही लागू नये म्हणून.

तिने घरी व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे लूमचा असा खडखडाट की शेडचा पत्रा वाजतोय असं वाटावं. वडिलांचा अर्धा चेहरा दिसला, मग कान, मग छत. ते ओरडून काही विचारत होते.

"क्या?"

"उल्टा पकड़ा है क्या?"

"इसको सीधा-उल्टा नहीं है, अब्बू!"

ते बराच वेळ बघत राहिले. मागून एक काका डोकावून गेले, मग आई, मग बहुधा तोच लहान भाऊ. वडिलांनी फोन तोंडाजवळ नेला.

"अगला कब डालेगी?"

ती फोन तसाच हातात धरून माझ्याकडे वळली.

"मॅडम, सोमवारी भट्टी रिकामी आहे?"

"आहे," मी म्हटलं.